मांडवीतली बोट, दुबईचा व्हिसा आणि साखळीचं स्थळ

*ताई, मी २७ वर्षांची, डिचोली तालुक्यातली. चार वर्षं मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर रात्रीच्या शोमध्ये नाचते. घरी सांगितलंय की पणजीला हॉटेलात रिसेप्शनवर आहे. खाणी बंद झाल्या तेव्हा पपांचे दोन्ही ट्रक विकावे लागले. भावाचं इंजिनियरिंग नंतर माझ्या पगारावर झालं. बारावी झालेय, कथक मध्यमा पूर्णपर्यंत शिकलेय.*

*आता तीन गोष्टी एकदम आल्यात. म्हापशाचा एक एजंट दुबईच्या हॉटेलात सहा महिन्यांचं 'आर्टिस्ट' कॉन्ट्रॅक्ट देतोय, महिना लाखभर. ८५ हजार मागतो, त्यातले १० हजार मी दिलेत. जाताना व्हिजिट व्हिसा, तिकडे पोचल्यावर बदलून देणार म्हणतो. दुसरं, आमचा डान्स कॅप्टन सांगतो की क्रूझच्या ऑडिशनसाठी शोरील, म्हणजे नाचाचा नमुना व्हिडिओ, पाठव. तिसरं, साखळीहून स्थळ आलंय. मुलगा बँकेत आहे, दोनदा बोललो, बरा वाटला. आई म्हणते, नोकरी-बिकरी पुरे आता. मी काही वाईट करत नाही, पण कोणी ओळखलं तर? नाच सोडू का? आणि त्याला सांगू का?*

*— एक वाचक, डिचोली*

बाये, आधी दुबई, कारण बाकीच्या दोन गोष्टी महिनाभर थांबल्या तरी काही बिघडत नाही. एजंट मात्र घाई करत असणार. करतोय ना?

व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे. म्हणजे स्टेजवर पहिलं पाऊल टाकलंस की गुन्हा तुझ्या नावावर, आणि पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला, भलत्याच कामाला लावलं, तरी तू पोलिसांकडे जायला कचरशील. 'तिकडे गेल्यावर बदलून देतो' यातली गोम हीच. एरवी तिथला कायदा कागदावर तुझ्या बाजूचा आहे. अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून तो वसूल करायचा नाही आणि पासपोर्ट अडकवून ठेवायचा नाही. नोकरीचा देकार तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात येतो, त्यात पगार, काम आणि मालकाचं नाव लिहिलेलं असतं आणि तो हिंदीतही मिळू शकतो. तुझ्या एजंटाने असा कागद दाखवलाय? तुझ्या मूळ पत्रात (इथे ते थोडक्यात दिलंय) त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंचं वर्णन आहे, स्विमिंग पूलचं सुद्धा. हॉटेलचं नाव मात्र कुठेच नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. दहावी पास असल्यामुळे तुझ्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'चा शेरा नसणार. आपण ती सोय समजतो. पण ज्यांच्या पासपोर्टवर तो शेरा असतो, त्यांचं कॉन्ट्रॅक्ट आखाती देशांत जाण्याआधी सरकारी अधिकारी तपासतो. तुझं कोणीही तपासणार नाही. विमानतळावर तू पर्यटक म्हणून निघशील आणि तुझ्या कामाची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात राहणार नाही. म्हणून तपासणी तुलाच करायची आहे. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, त्यात नाव शोध. नोंदणी असली तरी सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढी आहे. ८५ हजार मागणारा माणूस त्या यादीत सापडला तरी कायद्याबाहेरच वागतोय, आणि न सापडला तर प्रश्नच मिटला.

'आर्टिस्ट' हा शब्द व्हिसाच्या कागदावर दिसला की सावध व्हायला कारण आहे. जपानमध्ये 'एंटरटेनर' व्हिसावर फिलिपिन्सच्या हजारो मुली जात. नाच-गाण्याच्या नावाने नेऊन बारमध्ये गिऱ्हाइकांशेजारी बसवणं इतकं सर्रास झालं की २००५मध्ये जपानला तो व्हिसा आवळावा लागला. स्वित्झर्लंडसारख्या शिस्तीच्या देशातही कॅबरे नर्तकींसाठी वेगळा परवाना होता, तोही मुलींच्या संरक्षणासाठीच म्हणून ठेवलेला. संरक्षण होईना, उलट शोषण वाढलं, म्हणून १ जानेवारी २०१६पासून तो रद्द केला. दुबईत खरे शो नाहीत असं मी म्हणत नाही. ला पर्ल हा पाण्यातला मोठा शो २०१७मध्ये तिथेच सुरू झाला. पण तसे शो ऑडिशन घेऊन कलाकार निवडतात, म्हापशाच्या मार्केटात रोख घेऊन नव्हे. तुझा एजंट ज्या प्रकारच्या जागेबद्दल बोलतोय, तिथे पगार बहुधा नावापुरता असतो आणि कमाई गिऱ्हाइकाने तुझ्या नावाने किती टोकनं घेतली त्यावर. तिथून परतलेल्या मुलींच्या कहाण्या एकमेकींना न ओळखणाऱ्या तोंडांतूनही सारख्याच येतात.

तेव्हा दुबई नको. यावर मला चर्चाही करायची नाही.

क्रूझचं तसं नाही. तुझा डान्स कॅप्टन तुला चांगला रस्ता दाखवतोय. गोंयकाराला 'बोटीवर' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, सालसेत-बार्देशात घरटी एक तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, सापडेल. स्वयंपाकघरात, केबिनमध्ये, इंजिनात आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. स्टेजवर मात्र आपल्या मुली कमी दिसतात. जहाजावरच्या नाचणाऱ्या मुलीला कायद्याचं जेवढं पाठबळ आहे तेवढं किनाऱ्यावरच्या कुठल्या क्लबात नसेल. २००६च्या सागरी कामगार कराराप्रमाणे जहाजावर कुठल्याही कामासाठी नेमलेला माणूस नाविकच धरला जातो, मग तो इंजिनात असो की पिसांचा मुकुट घालून स्टेजवर. भारताने हा करार २०१५मध्ये मान्य केला. आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती, आजारपणात उपचार, करार संपल्यावर घरी पोचवण्याचा खर्च, हे सगळं मालकाच्या अंगावर. नोकरी लावून देण्याचे पैसे नाविकाकडून घ्यायचे नाहीत, हेही त्यातच आहे. तू भरायचास तो फक्त पासपोर्ट, सीडीसी (नाविकाचं ओळखपुस्तक) आणि वैद्यकीय दाखल्याचा खर्च. भारतात अशा एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचं आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचं, लायसन्स लागतं, आणि महासंचालनालयाच्या वेबसाइटवर ते बघता येतं. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे नाविकांच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण करारातले, प्राथमिक सुरक्षेचे कोर्स करावे लागतील. आग विझवणं आणि पाण्यात तगून राहणं त्यात येतं, कारण धोक्याची घंटा झाली की नाचणारी मुलगीसुद्धा लाइफजॅकेट घालून प्रवाशांना रांगेत उभं करते. हे ऐकून तुझ्या पपांना बरं वाटेल असा माझा अंदाज आहे.

शोरीलबद्दल थोडं. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसशील अशी चित्रं ठेव. झटपट कापाकापी नको आणि आठ जणींच्या फॉर्मेशनमध्ये तू कोण ते शोधायची वेळ निवडणाऱ्यावर आणू नकोस. कथकच्या चकरा आणि तत्कार जरूर घाल, ती तुझी जमेची बाजू. पण जहाजावरचे शो जॅझ आणि बॅलेच्या पायावर उभे असतात. तेवढं नसेल तर आधी सहा महिने पणजीत किंवा मडगावात एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे जा. पहिल्या फेरीत नकार येईल असं धरूनच पाठव.

आता तुझा खरा प्रश्न. नाच सोडू का?

तुला वाटतंय तुझा प्रश्न अब्रूचा आहे. मला तो तुझ्या पपांच्या ट्रकांसारखा दिसतो. खनिज वाहणारे ट्रक २०१२मध्ये थांबले तेव्हा ट्रकवाल्यांनी काही चूक केली नव्हती. आदेश कोणी दिला, का दिला, ते वाद राहोत. धंदा एका दिवसात बसला, हप्ते चालूच राहिले, हे तू घरात बघितलंस. नाचाचा धंदाही तसाच दुसऱ्याच्या हुकमावर चालतो. लास वेगासमध्ये 'ज्युबिली' नावाचा भव्य शो १९८१पासून चालला. पिसांचे आणि चमकीचे मुकुट, त्यातले काही पंधरा किलोच्या घरातले, डोक्यावर घेऊन मुली पायऱ्या उतरायच्या, तेही खाली न बघता. फेब्रुवारी २०१६मध्ये तो बंद झाला. पॅरिसच्या लिडो या कॅबरे थिएटरची तर दंतकथाच. मार्गारेट केली या बाईने १९३२मध्ये उभी केलेली ब्लूबेल गर्ल्सची तुकडी तिथे नाचायची. २०२२मध्ये नव्या मालकाने हिशोब मांडला आणि तो नाचाचा शो गुंडाळला. पॅरिसचंच मुलाँ रूज हे कॅबरे १८८९पासून आजही चालू आहे, रात्रीचे दोन खेळ, मुलींची उंची किमान १ मीटर ७२ सेंटीमीटर हवी हा नियमही कायम. पण जगात मुलाँ रूज एकच.

मांडवीतल्या बोटींचं काय? गोव्याच्या जुगार कायद्यातल्या १९९६च्या दुरुस्तीने जहाजावर टेबलावरचे जुगाराचे खेळ कायदेशीर झाले. तेव्हापासून या बोटी नदीत हव्यात की नकोत हा वाद प्रत्येक निवडणुकीत उकरला जातो आणि मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहते. उद्या एखादं सरकार खरंच उठलं आणि बोटी हलवा म्हणालं तर कॅसिनोवाले वकील लावतील. तुला कोण लावणार? तुला तर शोमागे पैसे मिळतात, तेही एका कॉन्ट्रॅक्टरकडून, जो उद्या नंबर बदलेल.

म्हणून नाच सोड असं मी सांगणार नाही. पस्तिशीपर्यंत गुडघे साथ देतील असं धरलं तर आठ वर्षं हातात आहेत. या आठ वर्षांत दुसरा पाय कुठे रोवायचा ते आत्ता ठरव. हिंदी पडद्यावरची कुकू आठव, किंवा आजीला विचार. चाळीस-पन्नासच्या दशकांत तिच्या नाचाशिवाय सिनेमा विकला जात नसे. हेलनला या धंद्यात आणली तीच. पैसा भरपूर आला आणि भरपूर गेला. १९८१मध्ये कर्करोगाने गेली तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. याउलट त्याच 'ज्युबिली'ची फ्लफ लकॉक. स्वतः नाचून झाल्यावर ती कंपनी मॅनेजर झाली, मुलींची निवड आणि शिस्त तिच्या हातात आली, आणि २०१२पर्यंत, म्हणजे वयाची ऐंशी उलटून गेल्यावरही, कामावर होती. नाव फारसं कोणाला माहीत नाही. पगार मात्र तिला शेवटपर्यंत मिळाला.

तुझ्यासाठी तसा पाय म्हणजे विशारद. मध्यमा पूर्ण करून सोडून देणाऱ्या मुली बघितल्या की माझा जीव जळतो. गांधर्व महामंडळाच्या विशारदच्या दोन परीक्षा राहिल्यात. दिवसा तुला वेळ असतो, आणि रोज नाचणाऱ्या मुलीला रियाजाचं अर्धं ओझं कमी. विशारद हातात असली की शाळेत, क्लासमध्ये, स्वतःच्या अंगणात शिकवता येतं. शिगम्याच्या आणि कार्निव्हलच्या मिरवणुकांत ज्या पथकांना बक्षिसं मिळतात, त्यांना नाच बसवून देणारं कोणीतरी लागतंच, आणि फॉर्मेशन बसवणं तुझ्याइतकं कोणाला येतंय? पण हे सगळं 'पुढे बघू' म्हणून होत नाही. फॉर्म भरण्याची तारीख बघ.

बोटीवरच्या कामाचं एक-दोन गोष्टींत सांगते. पैसे रोख घेऊ नकोस, खात्यात घे. आयकराचं विवरणपत्र भर, कर लागत नसला तरी. व्हिसाच्या वेळी आणि कर्जाच्या वेळी तोच तुझा पगाराचा दाखला. आणि शोनंतर टेबलावर जाऊन 'पाहुण्यांना भेट' असा दबाव कधी आला, कोणी हात लावला, तर २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेली, रोजंदारीवरची बाईसुद्धा कर्मचारीच धरलेली आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे मालकाला तक्रार समिती नेमावीच लागते, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. बोट नदीत आहे म्हणून ती कायद्याबाहेर जात नाही.

कोणी ओळखलं तर? ओळखू दे. २०२०पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. तुझ्या गावचा कोणी तिथे टेबलाशी दिसलाच, तर तो तिथे काय करत होता हे आधी त्याने त्याच्या बायकोला सांगावं, मग तुझ्याबद्दल बोलावं.

हे मी हसण्यावारी नेतेय असं समजू नकोस. या भूमीत बाईच्या कलेचा हिशोब नेहमीच दुहेरी राहिलाय. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना देशाने पद्मभूषण दिलं. पण ज्या कलावंत समाजातून त्या आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या, त्या समाजातल्या बायकांना देवळाच्या चौकात गाण्यासाठी मान होता आणि तोच मान उंबरठ्याच्या आत नव्हता. मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत कॅबरे रंगायचे तेव्हा बँडमध्ये आपलीच माणसं असायची. हळदोण्याच्या चिक चॉकलेटचं, मडगावच्या क्रिस पेरीचं नाव आपण अजून अभिमानाने घेतो. त्या सुरांवर पुढे नाचणाऱ्या मुलींची नावं किती जणांना येतात? कलकत्त्याच्या मिस शेफालीचं येतं, कारण सत्यजित राय यांनी तिला दोन सिनेमांत घेतलं. लहान वयापासून घर तिच्या नाचावर चाललं होतं. २०२०मध्ये ती गेली. आणि दूर कशाला जायचं, आपल्या जत्रेच्या नाटकाला बाहेरून 'स्त्री कलाकार' मागवतात, पहाटेपर्यंत तिला वाहवा देतात, आणि सकाळी चहाच्या गाड्यावर तिच्याबद्दल काय बोलतात ते तू ऐकलेलं असशीलच. हे लोक बदलायची वाट बघत बसलीस तर आठ वर्षं त्यातच जातील.

आईला सांग. रात्री अडीचला घरी येणाऱ्या, कानामागे चमकी राहिलेल्या मुलीची नोकरी रिसेप्शनवर आहे यावर तुझ्या आईचा खरंच विश्वास असेल असं तुला वाटतं? मला नाही वाटत. ती विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल आणि मग काहीतरी ठरवावं लागेल. पपा घरी नसताना सांग, आणि सांगताना पासबुक जवळ ठेव. भावाची फी कुठून गेली ते त्यात दिसतं. ती रडेल, दोन दिवस बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी तिचा पहिला प्रश्न 'कपडे कसले असतात?' हा असेल. खरं सांग. शोचा एखादा व्हिडिओ दाखवलास तरी हरकत नाही, फक्त आधी तो स्वतः तिच्या डोळ्यांनी बघून निवड.

साखळीच्या मुलाला साखरपुड्याआधी सांगायचं, आणि तू स्वतः सांगायचंस. मध्यस्थ नको, मामा नको. 'मी चूक केली' अशा सुरात तर मुळीच नको. माझं काम हे, इतकी वर्षं केलं, पुढे जहाजावर जायचा विचार आहे, सहा-आठ महिने बाहेर राहावं लागेल, विशारद करून शिकवायचं आहे, तुझं म्हणणं काय? एवढंच. तो 'मला चालेल, पण आईला सांगू नको' म्हणाला तर थांब आणि नीट विचार कर, कारण आज घरात एक खोटं सांभाळतेस, तिथे दोन घरांत सांभाळशील, तेही जन्मभर. तो सरळ 'नाही जमणार' म्हणाला तर त्याला धन्यवाद दे. निदान वेळेवर बोलला. आणि त्याने आधी पगार किती, सुट्टी कधी, जहाजावर फोन लागतो का असं काही विचारलं, तर तो बँकेतला माणूस मला आवडेल.

राहिले ते १० हजार. एजंटाला फोन करू नकोस, मेसेज कर म्हणजे पुरावा राहील. त्याचा ई-मायग्रेट नोंदणी क्रमांक, हॉटेलचं नाव आणि देकाराचा कागद माग, आणि आठवड्यात हे न मिळाल्यास दिलेली रक्कम परत हवी असं लिही. दिलेल्या पैशांची पावती किंवा यूपीआयची नोंद जपून ठेव. टाळाटाळ झाली तर ई-मायग्रेटवर तक्रार करता येते, पोलिसांतही. गोवा सरकारचा एनआरआय विभागही अशा बाबतीत वाट दाखवतो. पासपोर्टची मूळ प्रत त्याला दिली आहेस का, हे पत्रात लिहिलेलं नाही. दिली असशील तर पैशांआधी ती परत आण, उद्याच, आणि जाताना भावाला बरोबर घे. त्याला कारण काय सांगायचं ते आईशी बोलून झालं की आपोआप सुटेल.